सही कुणाची?

आमच्या कडेगाव-विटा पट्ट्यात कॅन्सरचे नाव आजही मोठ्याने घेतले जात नाही. 'त्यांना ते झालंय' एवढेच सांगितले जाते आणि आवाज खाली येतो. पुढे मिरज, कराड, पुणे, नाही तर थेट मुंबईला परळचे 'टाटा', अशी वाट सुरू होते. निघताना आजाऱ्याला सांगतात की, पोटाच्या जरा तपासण्या करायच्या आहेत. साऱ्या भावकीला आजाराचे नाव ठाऊक असते. ज्याला आजार झाला, त्यालाच ते ठाऊक नसते. ही रीत हिंदूंच्या घरात आहे तशी आपल्याही घरात आहे. मोहरमच्या उंच ताबुतांत आमच्या गावचे दोन्ही समाज जसे सामील असतात, तसे हे गुपित सांभाळण्यातही असतात.

या लपवण्यामागे माया असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. खेड्यात कॅन्सर हे आजाराचे नाव नाही, तो निकाल मानला जातो. तो ऐकून माणूस औषधाआधी धास्तीनेच जाईल, असे घरच्यांना वाटते. पण अलीकडे या मायेपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. नेहमीचे उपचार संपले की शहरातले डॉक्टर कधी कधी सांगतात, 'एक नवे औषध आहे. अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. यांना त्यात घेता येईल, पण संमतीपत्रावर सही लागेल.' थोरला मुलगा पेन काढतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या अम्मीला यातले काहीच माहीत नसते. ही सही कुणाची? मुलाची, की अम्मीची? आणि जिला आजाराचे नावही सांगितलेले नाही, तिची संमती म्हणजे नेमके काय?

प्रायोगिक औषध म्हटले की आपल्या मनात दोन चित्रे येतात. एक म्हणजे आजवर दडवून ठेवलेली जादूची मात्रा. दुसरे म्हणजे गरिबाला उंदरासारखे वापरणारा डॉक्टर. खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे. औषधाची माणसावरची चाचणी साधारण तीन टप्प्यांनी पुढे जाते. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांना ते देऊन शरीराला किती मात्रा सोसते, हे मुख्यतः पाहिले जाते. दुसऱ्यात त्याचा रोगावर काही परिणाम होतो का, हे पाहतात. तिसऱ्यात अधिक रुग्ण घेऊन चालू उपचाराशी त्याची तुलना करतात. म्हणजे पहिल्या टप्प्यात शिरणाऱ्या रुग्णाला फायदा होऊ शकतो, पण ती चाचणी त्याच्या फायद्यासाठी रचलेली नसते. ती त्याच्यानंतर येणाऱ्या रुग्णांसाठी असते. रुग्णाला वाटते आपल्यावर इलाज चालला आहे. डॉक्टर इलाजाबरोबर शोधही घेत असतात. ही तफावत कुणी उलगडून सांगितली नाही, तर संमतीपत्राची पंधरा पाने वाचूनही ती लक्षात येत नाही.

आमच्या भागातली असंख्य माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. सोने अस्सल आहे की हिणकस, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. ते मुशीत घालून तापवावे लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. औषधाचेही तसेच आहे. फरक इतकाच की सोन्याच्या परीक्षेत मूस तापते आणि औषधाच्या परीक्षेत माणूस. म्हणून परीक्षाच नको, असे म्हणता येत नाही. आज आपण निर्धास्तपणे घेतो ती औषधेही कधी काळी कुणी तरी पहिल्यांदा घेतली होती. आपण सारे त्या अनोळखी माणसांचे देणेकरी आहोत.

ही परीक्षेची दृष्टी आपल्याला परकी नाही. अल-राझी या हकीमाने अकराशे वर्षांपूर्वी मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेवर काही रुग्णांचे रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही आणि दोन्ही गटांची तुलना केली. इब्ने सीनाने (९८०-१०३७) आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषधाची खरी परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हायला हवी, जनावरावर दिसलेला गुण माणसाला लागू पडेलच असे नाही, हा त्यातलाच एक विचार. या वारशाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाही हवा. पण ज्यांचे रक्त अल-राझीने मुद्दाम काढले नाही, त्यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न त्या काळात कुणाला पडला नाही. माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याला विचारलेच पाहिजे, हे जगाने ठामपणे लिहून ठेवले ते १९४७ साली, न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांची कृत्ये उघड झाल्यानंतर.

लिहून ठेवले म्हणून पाळले गेले, असे मात्र झाले नाही. १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरमध्ये तोंडाच्या कॅन्सरच्या पंचवीसेक रुग्णांच्या गाठींत एक नवे रसायन टोचण्यात आले. त्याचा संबंध अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका संशोधिकेशी होता. २००१ मध्ये हे बाहेर आले. प्रयोगाला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी नव्हती आणि रुग्णांची संमतीही नीट घेतलेली नव्हती. चौकशीनंतर विद्यापीठाने त्या संशोधिकेला माणसांवरील प्रयोगांचे नेतृत्व करण्यास बंदी केली. ते रसायन चांगले होते की वाईट, हा मुद्दा इथे दुय्यम आहे. उद्या ते अमृत ठरले असते, तरी त्या रुग्णांवर झालेला अन्याय पुसला गेला नसता. कारण त्यांचे शरीर त्यांना न सांगता वापरले गेले.

पुढे देशात यावर बरेच वादंग झाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेताना चित्रीकरण करण्याचे निर्देश दिले. २०१९ साली नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम आले. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यायची, लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार ठेवायचा, प्रयोगामुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यायची, रुग्णाला केव्हाही बाहेर पडता आले पाहिजे, असे सारे त्यात आहे. रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तरच त्याच्या वतीने दुसऱ्याला सही करता येते. कायदा डॉक्टरला बांधू शकतो, औषध कंपनीला बांधू शकतो. पण घरातल्या मायेला कोण बांधणार? 'डॉक्टरसाब, अम्मीला काही सांगू नका' असे आपणच हात जोडून सांगितले, तर कायद्याने दिलेला अम्मीचा हक्क आपणच काढून घेतलेला असतो.

यात बायकांच्या वाट्याला अधिकच मुकेपण येते. मिश्री लावणाऱ्या आमच्या भागातल्या बाईला तोंडात जखम झाली तर ती आधी महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही. स्तनात गाठ आली तर शरमेने त्याहून उशिरा सांगते. शेवटी दवाखान्यात पोचते तेव्हा प्रश्न विचारले जातात नवऱ्याला, उत्तरे देतो मुलगा आणि सही करतो दीर. तिच्या निकाहाच्या वेळी 'कबूल आहे का' असे तिला विचारल्याशिवाय निकाह लागला नव्हता. मग तिच्या शरीरावर नवे औषध अजमावताना तिची कबुली अनावश्यक कशी ठरते?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. प्रयोगाला घाबरून पाठ फिरवण्यातही नुकसान असते. टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब या महागड्या औषधाची चाचणी घेतली. पूर्ण मात्रा आपल्याकडच्या बहुतेकांना परवडत नाही. म्हणून त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम औषध, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. दीडशे रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभरानंतर १६ टक्के रुग्ण हयात होते, कमी मात्रेचे औषध मिळालेल्या गटात ४३ टक्के. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या मुलखासाठी ही मोठी बातमी आहे. पण आकडा उलटा करून वाचला तर हेही दिसते की, औषध मिळूनही निम्म्याहून अधिक लोक वर्षाच्या आत गेले. आशा आणि जोखीम अशा एकाच ओळीत लिहिलेल्या असतात.

रक्ताच्या काही कॅन्सरांवरील कार-टी उपचाराची गोष्ट अशीच आहे. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचे आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून हा उपचार देशात तयार केला. जून २०२१ मध्ये तो पहिल्या रुग्णाला दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मंजुरी मिळाली. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला, त्यांतील सुमारे ७३ टक्के रुग्णांचा रोग हटला किंवा मागे गेला. दोन रुग्ण मात्र उपचाराच्याच दुष्परिणामांनी दगावले. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आला, ही कर्तबगारी खरी. तरीही दोन एकर रानाच्या मालकाला ती रक्कम उभ्या जन्मात दिसत नाही. प्रयोगाला गरिबाचे शरीर चालते आणि औषध तयार झाल्यावर त्याचा खिसा चालत नाही, असे होणार असेल, तर संमतीपत्र कितीही चोख असले तरी न्याय अपुराच राहील.

आता त्या मायेकडे पुन्हा वळू. 'सांगितले तर ती खचेल' हा युक्तिवाद पोकळ नाही. काही माणसांना खरोखरच सारे जाणून घ्यायचे नसते. 'तुम्ही बघा, अल्लाह आहे' असे ती म्हणतात. न जाणण्याचा हक्कही माणसाला आहेच. पण तो हक्क त्याने स्वतः वापरायचा असतो, आपण त्याच्या वतीने नव्हे. अम्मीला विचारावे, 'तुला किती सांगू?' ती म्हणाली, 'नको', तर तिचा शब्द पाळावा. मग तिच्यावर चालू उपचार करावेत, वेदना कमी कराव्यात, सेवा करावी. पण प्रयोगात तिला घालू नये. ज्याने सत्य ऐकलेले नाही, त्याच्यावर इलाज होऊ शकतो, प्रयोग होऊ शकत नाही. आमच्या मते ही रेषा पक्की आहे. इलाजात माणूस आपल्यासाठी जोखीम घेतो. प्रयोगात तो दुसऱ्यांसाठीही जोखीम घेतो, म्हणजे एक प्रकारे दान करतो. आणि दान देणाऱ्याला ठाऊक नसताना घेतले, तर त्याला दान म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. शरीर ही अमानत आहे, असे आपण मानतो. मरणाआधी माणसाला काही कामे उरकायची असतात. कुणाचे देणे फेडायचे असते, बायकोचा महर राहिला असेल तर द्यायचा असतो, वसियत सांगायची असते, दुरावलेल्या भावाला बोलावून 'कहा-सुना माफ' म्हणायचे असते. आजार लपवून आपण त्याची ही सारी संधी हिरावतो. त्याला धीर मिळावा म्हणून आपण सत्य दडवतो, आणि तो मात्र घरातल्यांची कुजबूज ऐकत, काही तरी बिनसले आहे हे ओळखत एकटाच पडतो. तवक्कुल म्हणजे डोळे मिटणे नव्हे. जे समोर आहे ते पाहून, करता येईल ते करून मग भरवसा ठेवणे, हाच त्याचा अर्थ आम्ही समजतो.

तेव्हा अशी वेळ घरात आली, तर सहीआधी चार गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? आजवर किती जणांना औषध दिले आणि त्यांचे काय झाले? यात गेलो नाही तर दुसरा कोणता इलाज उरतो? इजा झाली तर जबाबदारी कुणाची? हे विचारण्यात डॉक्टरचा अपमान नाही. प्रामाणिक डॉक्टरला असे प्रश्न हवेच असतात. मोबाईलवर फिरणाऱ्या 'कॅन्सरवर औषध सापडले' अशा निरोपांनाही हेच प्रश्न लावावेत. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधील बारा रुग्ण एका नव्या औषधाने पूर्ण बरे झाल्याची बातमी अशीच गावोगाव पोचली होती. बातमी खरी होती आणि पुढे अधिक रुग्णांतही तसाच गुण दिसला. पण ते औषध गुदाशयाच्या कॅन्सरच्या एका विशिष्ट, मोजक्या रुग्णांत आढळणाऱ्या प्रकारावर अजमावले होते, हे त्या निरोपात नव्हते.

या प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती घेऊन मुलाने बाहेर बाकड्यापाशी जावे, अम्मीशेजारी बसावे आणि तिला तिच्या बोलीत सारे सांगावे. ती घाबरेल, कदाचित रडेल. मग ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. हो म्हणाली तर अंगठा तिचा असावा. नाही म्हणाली तर त्या नकाराचाही तेवढाच मान राखावा. तिने आयुष्यभर घरासाठी निर्णय घेतले. स्वतःच्या शरीराविषयीचा हा निर्णयही तिच्याच हातात असू द्यावा.