पोराला झोनबंदी कशाला?

तालुक्यातल्या कबड्डी मंडळांकडे दरवर्षी हंगामाच्या तोंडावर एक कागद येतो. वहीच्या रेघी पानावर, वाकड्या अक्षरात, ‘मा. अध्यक्षसाहेब यांस’ असा. मजकूर तीन ओळींचा: यंदा दुसऱ्या संघाकडून खेळायची इच्छा आहे, तरी ना हरकत दाखला मिळावा ही विनंती. लिहिणारा बहुतेक वेळा संघातला सर्वांत चांगला चढाईपटू असतो. सुमार खेळाडूला कुणी बोलावत नाही, त्यामुळे त्याचा अर्ज येत नाही. मग बैठक बसते, चहा येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आपण घडवला, आणि आता निघाला बघा.’

कोपरगावच्या आसपासची मंडळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र नवं नाही. मैदान म्हणजे कारखान्याच्या कॉलनीमागची किंवा शाळेलगतची मोकळी जागा. माती चाळून टाकलेली, पाणी मारून बसवलेली, फक्कीनं आखलेली. कडेला दिव्याचा एक खांब. त्याची वीज कुठून घेतली हे विचारू नये. शिकवणारा जिल्हा परिषदेचा मास्तर, नाहीतर गुडघा गेलेला एखादा जुना कोपरारक्षक, जो आता कारखान्यात पाळीवर असतो. स्पर्धेआधीचा दिवस तर बघण्यासारखा. किशोर गटाला वजनाची अट आणि पोरगं भरतं किलोभर जास्त. मग ते उन्हात स्वेटर घालून मैदानाला चकरा मारतं, सकाळपासून पाण्याला शिवत नाही, सारखं थुंकत राहतं, आणि मास्तर त्याला किराणा दुकानाच्या काट्यावर पुन्हा पुन्हा उभं करतात. पाव किलो राहिलं की शर्ट काढायला लावतात. ही मेहनत कुठल्याच हिशेबात येत नाही. त्या काट्यावरून उतरलेलं पोरगं चार-पाच वर्षांत खुल्या गटात येतं, आणि नेमका तेव्हाच तो कागद येतो.

ते का जातं? पैशासाठी, असं उत्तर झटकन दिलं जातं. खरी कारणं त्याहून रोकडी आहेत. २००५ पासून महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी लागतं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रासाठी लागतो जिंकणारा संघ. पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या मंडळात राहून पोराला गावच्या जत्रेत टाळ्या मिळतील, पोलीस भरतीत त्यांचा उपयोग नाही. दुसरं कारण मॅटचं. मोठ्या स्पर्धा आता बूट घालून मॅटवर होतात. मातीत वाढलेल्या पायाला तिथं नव्यानं शिकावं लागतं, आणि मॅट आहे शहरात. तिसरं कारण तर साखरपट्ट्याचंच. दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि त्याच महिन्यांत कबड्डीच्या स्पर्धांनाही जोर येतो. ज्याची पाळी लागली आहे त्यानं स्पर्धेला जायचं म्हणजे रोजावर पाणी सोडायचं. एक दिवस जमतं, तीन दिवस कोण सोडतो? पुण्या-मुंबईत बँका, रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या यांचे व्यावसायिक संघ आहेत. तिथं खेळ हाच नोकरीचा भाग.

बुडालेल्या रोजाच्या याच प्रश्नावरून इंग्लंडमध्ये एक अख्खा खेळ जन्माला आला. उत्तरेकडचे खाणकामगार आणि गिरणी कामगार शनिवारी रग्बी खेळत आणि त्या दिवसाची मजुरी गमावत. त्यांच्या क्लबांचं म्हणणं साधं होतं: बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. लंडनच्या बाजूच्या सुखवस्तू मंडळींना ते खेळाच्या पावित्र्याला बट्टा वाटलं. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नसते त्याला पावित्र्य परवडतं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली.

म्हणजे हा खेळ कामगाराच्या पोटाची कदर करण्यातून उभा राहिला. तरी त्याच्याही क्लबांवर पुढे आमच्या मंडळांसारखीच वेळ आली. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या ब्रॅडफर्ड बुल्सनं १९९७, २००१, २००३ आणि २००५ अशी चारदा सुपर लीग जिंकली. २००६ मध्ये त्यांच्याकडून सॅम बर्जेस नावाचा कोवळा, धिप्पाड पोरगा पहिल्यांदा उतरला. २०१० च्या हंगामाला तो सिडनीच्या साउथ सिडनी क्लबाकडे गेला होता. त्या क्लबाच्या मालकांत नट रसेल क्रो होता, म्हणजे बोलावणारं घरही बघण्यासारखं. मागोमाग सॅमचे भाऊ जॉर्ज आणि टॉम हेही ब्रॅडफर्ड सोडून तिकडंच गेले. घरातला एक बाहेर पडला की वाट मळते, हे आपल्याकडच्या भावाभावांतही दिसतं. २०१४ च्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच सॅमच्या गालाचं हाड मोडलं. तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि साउथ सिडनीनं ४३ वर्षांनी अजिंक्यपद घेतलं. त्याच वर्षी ब्रॅडफर्डचे कर्जबाजारीपणापायी सहा गुण कापले गेले आणि क्लब खालच्या श्रेणीत घसरला. २०१७ च्या जानेवारीत जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली, त्याच नावानं नवी उभी करावी लागली.

इथं ‘सॅम गेला म्हणून क्लब बुडाला’ असं म्हणायचा मोह होतो. ते खरं नाही. क्लब बुडाला तो देण्यांनी आणि कारभारानं. पोरं गेली नसती तर फार तर वर्षभर उशिरा बुडाला असता. आपल्या मंडळांतही दुखणं आधीपासून असतं. वर्गणी आटलेली, कार्यकारिणी कागदावर, चषक कुणाच्या तरी वाढदिवसापुरता. कोपरगावचं राजकारण दोन कारखान्यांभोवती आणि काळे-कोल्हे या दोन घराण्यांभोवती फिरतं. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी स्पर्धांना बरकत येते आणि मधल्या वर्षी चढाईपटूच्या गुडघ्याला लावायला स्प्रेसुद्धा मिळत नाही. हे सगळं झाकायला जाणाऱ्या पोराइतकं सोयीचं निमित्त दुसरं नाही.

गेलेली पोरं काय करतात हे आमच्या जिल्ह्याला, आता अहिल्यानगर म्हणायचं, चांगलं माहीत आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावर आमच्या शेजारी श्रीरामपूर आहे, जिथल्या स्टेशनचं नाव मात्र बेलापूर. तिथला झहीर खान सतराव्या वर्षी वडिलांबरोबर मुंबईला गेला. आमचा जिल्हा येतो महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत, पण झहीर आधी खेळला तो बडोद्याकडून. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात त्यानं ४३ धावांत ५ बळी घेतले आणि करंडक बडोद्याला मिळवून दिला. पुढे तो मुंबईकडे गेला. त्याला इथं धरून ठेवला असता तर भारताला डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाला नसता, आणि श्रीरामपुरालाही काही मिळालं नसतं.

कबड्डीत अस्लम इनामदार, तोही श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. पुणेरी पलटणनं त्याला तरुण पोरांच्या कोट्यातून घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३–२९ हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ ला त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणनं हरयाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं. हे पोरगं गावातच राहायला हवं होतं असं टाकळीभानचा कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

मग मंडळाची तक्रार खोटी का? मला तसं वाटत नाही. तिचा रोख चुकतो, एवढंच. याचं उत्तर आपल्या पट्ट्याला तोंडपाठ असलेल्या धंद्यात आहे. एके काळी उसाला झोनबंदी होती: ज्या कारखान्याच्या क्षेत्रात तुमचं रान, त्यालाच ऊस घालायचा, मग तो भाव काहीही देवो. शेतकरी संघटना या बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरली, कारण माल पिकवणाऱ्याला तो हवा तिथं नेण्याचा हक्क हवा होता. आज तोच शेतकरी संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत बसतो आणि अठरा वर्षांच्या पोराचा ना हरकत दाखला अडवून धरतो. उसाला नको असलेली झोनबंदी पोराला लावतो. दाखला न मिळालेलं पोरगं एक हंगाम घरी बसतं, आणि कबड्डीत गेलेला हंगाम परत येत नाही. मी हे स्पष्ट लिहितो: दाखला अडवणं हा गुन्हा मानला पाहिजे, मग मंडळ कितीही रडकुंडीला आलेलं असो.

पण झोनबंदी उठवा म्हणताना शेतकऱ्यानं भाव सोडला नव्हता. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, आहे. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३४० रुपये, आणि पैसे चौदा दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. तो पाळला जातो का, हा वेगळ्या लेखाचा विषय. पोराचं तसं काहीच नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून एक हंगाम गाजवून २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सकडे १ कोटी ४५ लाखांना गेला. रक्कम त्याची, त्याच्या घामाची, त्यातला रुपयाही कुणी मागू नये. मात्र लिलावाच्या त्या सगळ्या व्यवस्थेत, खेळाडूला पहिल्यांदा मातीत उभं करणाऱ्या मंडळासाठी रकानाच नाही.

फुटबॉलमध्ये तो आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका क्लबाकडून दुसऱ्याकडे खरेदी झाली की रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या सगळ्या क्लबांत, वर्षांच्या हिशेबानं, वाटले जातात. लिलावात विकत घेणाऱ्या संघानं रकमेवर वरचे ५ टक्के दिले असते, तर सिद्धार्थच्या एकाच लिलावातून सव्वासात लाख रुपये त्याला घडवणाऱ्यांकडे आले असते. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संघाला ते जड नाहीत. तालुक्याच्या मंडळाच्या मात्र कित्येक हंगामांचा खर्च त्यात निघेल: बूट, प्रवास, खुराक, आणि पाळी सोडून खेळायला आलेल्या पोराचा बुडालेला रोजही.

यावर हमखास येणारी शंका अशी की पैसा मंडळाकडे गेला की तो पुढाऱ्याच्या खिशात जाईल. जाऊ शकतो. सहकारात आयुष्य घालवलेल्या तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. म्हणून पैसा मैदानाच्या नावानं वेगळ्या खात्यात जावा, हिशेब दरवर्षी मैदानावरच फळ्यावर लिहावा, आणि सही पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांचीही असावी. चोरीची भीती आहे म्हणून पेरणाऱ्याचा हक्कच नाकारायचा, हा न्याय आपण उसाला लावलेला नाही.

राज्य कबड्डी संघटनेला माझी मागणी एवढीच आहे. दाखला पंधरा दिवसांत दिलाच पाहिजे, न दिल्यास तो मिळाला असं समजावं. दाखल्यावर पोराच्या पहिल्या मंडळाचं आणि शिकवणाऱ्याचं नाव कायमचं नोंदवावं, आणि व्यावसायिक संघ किंवा लीग त्याला घेईल तेव्हा त्या नोंदीवर वाटा पोचावा. तालुक्यातल्या मंडळांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव करून जिल्ह्याकडे पाठवावा. ठरावाचा मसुदा करायला वकील लागत नाही, वहीचं एक रेघी पान पुरेल.