जागा कोणाची अपुरी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. पनवेलमधील दोन खोल्यांच्या सदनिकेत तो आई-वडील, आजी व धाकटी बहीण यांच्यासह राहतो. घोरपड पाळावी, ही त्याची फार दिवसांची इच्छा. "फादर, आमच्या घरात मावेल अशी लहान जात कोणती निवडू?" असे त्याने विचारले. प्रश्न प्रथम विचित्र वाटला. परंतु विचार करू लागलो, तसा तो प्राणिशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राच्या अधिक जवळचा भासू लागला.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. आपल्याकडील घोरपड शेपटीसह पाच फुटांहून अधिक वाढू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असून तिला पकडणे वा पाळणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. हे त्या मुलास ठाऊक होते. त्याच्या मनात होती ऑस्ट्रेलियातील काटेरी शेपटीची घोरपड. ती जेमतेम सव्वादोन फूट भरते. परदेशी घोरपडींच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत आणि असा प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करावी, असे नियम आपल्याकडे २०२४ मध्ये झाले. समजा, हे सारे सोपस्कार यथासांग पार पडले. मग नैतिक प्रश्न मिटतो काय?

आम्हांस तसे वाटत नाही. 'लहान' हा शब्द आपण आपल्या भिंतींच्या मापाने योजतो. त्या जिवाच्या गरजा त्या मापाने लहान होत नाहीत. त्या छोट्या घोरपडीलाही बीळ खणण्यास खोल माती हवी, पन्नास अंशांहून अधिक तापलेला दगड हवा, जवळच गारवा हवा. भक्ष्य हुडकत फिरणे हा तिचा स्वभाव. काचेच्या पेटीत आपण तिला अन्न देऊ; तिचा स्वभाव कोठे ठेवू?

"मग लोक कुत्री पाळतात, ते कसे?" त्याने विचारले. आक्षेप रास्त होता. परंतु कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या सहवासात घडला. आपली सोबत ही त्याचीही गरज झाली आहे. घोरपडीला माणसाची सवय होईल, गरज होणार नाही. अर्थात, दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्यापुढे आपण निर्दोष ठरतो, असेही नव्हे.

अपुऱ्या जागेत प्राणी ठेवण्याचा एक प्रसंग पवित्र शास्त्रातही आहे. नोहाचे तारू तीनशे हात लांब होते, आणि त्यात सरपटणाऱ्यांनाही जागा होती. मात्र ती जागा त्यांना वाचवण्यासाठी होती, आणि पाणी ओसरताच दार उघडले गेले. जखमी प्राण्यासाठी केलेला पिंजरा तारूच्या जातीचा. आपल्या हौसेसाठी केलेल्या पिंजऱ्याला तसे दार नसते.

या बाबतीत आपला समाजही हात झटकू शकत नाही. गोव्यात मांडोला साथ देणारे घुमट पिढ्यान्पिढ्या घोरपडीच्या कातड्याने मढवले जाई. आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. घोरपड सुटली म्हणून मांडो थांबला नाही.

पनवेल, कामोठे, खारघर परिसरात शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट झाली. त्यामुळे एखादी घोरपड आवारात शिरली, तर घुसखोर कोण, हे ठरवणे अवघड आहे. तिला न मारता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, हे तिच्यावरील प्रेमाचे पहिले कृत्य होय.

तो मुलगा निरुत्तर झाला. समाधान पावला, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यावर प्रेम आहे ते आपल्या घरी नसणे, हा अनुभव आमच्या व्रतस्थ जीवनालाही परिचित आहे, आणि तो सोपा नाही, एवढेच आम्ही त्यास सांगितले. "पाऊस ओसरला की कर्नाळ्यास जाऊ. एखादी खडकावर ऊन खाताना दिसेल."

"आणि नाही दिसली तर, फादर?"

"तर ती तिच्या घरी आहे, असे समजू."