हॉटेलला नावं ठेवली तर अन्नाची निंदा होते का?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो, त्या कळंबोलीत खाण्याच्या जागांना तोटा नाही. सायन-पनवेल महामार्गावरच्या बस, जेएनपीटीकडे निघालेले कंटेनर, लोखंड बाजारात माल उतरवून रिकामे झालेले ट्रेलर, सगळ्यांची भूक या एका सर्कलभोवती एकवटते. आत वसाहतीत शिरलं की सिडकोच्या केएल इमारतींखालच्या गाळ्यांमध्ये पोळीभाजी केंद्र, बिर्याणी, उडपी, वाइन शॉप, किराणा, पिठाची गिरणी अशी रांग लागते. संध्याकाळी चायनीजच्या गाड्या उभ्या राहतात त्या वेगळ्याच. आणि या प्रत्येकाबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं. अमक्याची मिसळ पहिल्यासारखी राहिली नाही. तमक्याच्या बिर्याणीत पीस शोधावे लागतात. त्या वाण्याकडे जाशील तर काट्यावर नजर ठेव.

अशा गप्पा रंगात आल्या की घरातलं एखादं वडीलधारं माणूस हमखास मध्ये बोलतं, “अन्नाला नावं ठेवू नयेत.” गप्पा क्षणभर थांबतात आणि मग दुसऱ्या हॉटेलवर घसरतात. पण त्या टोकण्यामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. पैसे मोजून खाल्लेलं वाईट निघालं, तर ते वाईट होतं असं म्हणणं हा अधर्म आहे का?

धर्मग्रंथांची साक्ष काढली तर वडीलधाऱ्यांची बाजू भक्कम दिसते. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणं हे व्रतच मानलं आहे. ताटात आलेलं अन्न आदरानं, कुरकुर न करता खावं, असं मनुस्मृती बजावते. प्रेषित महंमदांनी कधी अन्नाला दोष दिला नाही, आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एरवी फारसे एका पंगतीला न बसणारे हे ग्रंथ या बाबतीत एका सुरात बोलतात.

या शिकवणीची सामाजिक बाजूही मराठी घरांनी पाहिलेली आहे. वार लावून जेवणारा विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा. आमटी आळणी असली तरी तो गप्प राहायचा. त्या गप्प बसण्यात कृतज्ञता होती आणि लाचारीही होती. मिंधं असलेल्या माणसाला मत नसतं. गुरुद्वाराच्या लंगरातली डाळ किंवा भंडाऱ्यातली बुंदी कुणी तोलत बसत नाही. तिथं देणारा विकत नसतो आणि घेणारा विकत घेत नसतो, म्हणून तोलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हॉटेलात मात्र गल्ला असतो. गल्ला आला की अन्नाभोवती करार येतो. दोनशे रुपयांत अमुक इतकं, अमुक दर्जाचं, ताजं. ग्राहक संरक्षण कायद्यानं (आधी १९८६चा, आता २०१९चा) या कराराला आवाज दिला. वार लावणाऱ्या विद्यार्थ्याला जे बोलता येत नव्हतं, ते बोलण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला. तेव्हा वडीलधाऱ्यांना एक सोपं उत्तर देता येतं. निंदा अन्नाची नाही, व्यवहाराची चालली आहे.

उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. कारण उपनिषद त्या एका व्रतावर थांबत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. निंदा करू नये यापाठोपाठ येतं की अन्न टाकू नये. मग येतं की अन्न भरपूर करावं. आणि शेवटी, आसऱ्याला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये. सुरुवातीची आज्ञा खाणाऱ्याला लागू पडते असं वाटतं, तोवर पुढच्या आज्ञा थेट वाढणाऱ्याच्या दारात जाऊन उभ्या राहतात. सगळी व्रतं एकत्र वाचली की अन्नाचा मान राखण्याची पहिली जबाबदारी स्वयंपाकघरावर पडते. वडा ज्या तेलात तळला त्यातले पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून लागू केला आहे. काळंभोर तेल सकाळी पुन्हा कढईत ओतणारा माणूस अन्नाची जी विटंबना करतो, तिच्यापुढे गिऱ्हाइकाची कुरकुर काहीच नाही. “तेल जुनं आहे” असं म्हणणारा अशा वेळी अन्नाच्याच बाजूनं बोलत असतो.

पण प्रत्येक मत तेलाबद्दल नसतं. बरीचशी मतं चवीची असतात, आणि चवीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही हे तर आपल्याकडे गुळगुळीत झालेलं वाक्य. तत्त्वज्ञांनी मात्र वाद घातला आहे आणि मनापासून घातला आहे. इमान्युएल कांट यांनी १७९०च्या ग्रंथात रेघ आखून दिली. एखादी वाइन चांगली लागते असं म्हणताना ‘मला’ हा शब्द जोडावा. सुंदर वस्तूबद्दल बोलताना मात्र आपण सगळ्यांच्या संमतीची अपेक्षा धरतो. मराठीत रा. भा. पाटणकरांनी १९७४च्या ‘सौंदर्यमीमांसे’त कांटची बारकाईनं उलटतपासणी केली. कांटचं ऐकायचं तर मिसळीबद्दलचं मत म्हणजे फक्त ‘मला’.

डेव्हिड ह्यूम यांना हे इतकं सरळ वाटलं नव्हतं. १७५७च्या निबंधात ते एका कादंबरीतल्या सांचो पांझा या पात्राच्या दोन नातलगांची गोष्ट सांगतात. पिंपातली दारू चाखून एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, किंचित लोखंडाचा. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. जिभेनं सांगितलेलं खरं असू शकतं, त्याचा पुरावा कधी कधी तळाशी असतो. भरतमुनी तर उलट दिशेनं आले. रस म्हणजे काय हे सांगताना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात त्यांनी नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न चवीनं खाणाऱ्या प्रसन्नचित्त माणसाचा दाखला दिला. नाटक समजावून सांगायला त्यांना जेवणारा माणूस लागला, आणि तोही मन ठिकाणावर असलेला.

कळंबोलीत ही मन ठिकाणावर असण्याची अट कामाला येते. इथली वस्ती एका मातीची नाही. मूळची कळंबोली, रोडपाली ही गावं, सातारा-सांगलीकडून आलेली माणसं, मराठवाड्यातली, उत्तर प्रदेशातली, पंजाबी ट्रकमालक, दाक्षिणात्य कुटुंबं. रस्सा झणझणीत नाही म्हणून हॉटेल टाकाऊ ठरवणारा कोल्हापूरकर आणि त्याच रश्शानं पोट बिघडलं म्हणणारा शेजारी, दोघंही खरं बोलत असतात, पण आपल्या जिभेबद्दल. महामार्गावरचा जुना ठोकताळा आहे की जिथं ट्रक जास्त उभे तिथलं जेवण चांगलं. त्यात तथ्य आहे, मात्र अर्धंच. ट्रकवाला जेवणासोबत जागा बघतो. गाडी लावता येते का, अंघोळीला पाणी आहे का, खाटेवर तासभर पाठ टेकता येते का, रोटी पोटभर मिळते का. हे सगळं त्याच्या मतात मिसळलेलं असतं. मुलांना घेऊन रविवारी आलेल्या कुटुंबानं ते मत उसनं घेतलं तर फसगत होणारच. तीच गोष्ट पळस्पे फाट्यावरच्या दत्त स्नॅक्सची. कोकणात जाताना तिथं कोथिंबीर वडी खाल्ल्याशिवाय कित्येकांची सुट्टी सुरू होत नाही. त्या वडीच्या कौतुकात सुट्टीचा वाटा किती आणि बेसनाचा किती, हे वेगळं काढणं ह्यूमलाही जमलं नसतं.

मतात असं काहीबाही मिसळलेलं असतं, आणि ते नेहमी सुट्टीच्या आनंदाइतकं निरागस नसतं. महाराष्ट्रात खाण्याच्या जागेबद्दलचं मत दीर्घकाळ चवीचं नव्हतंच. ते जातीचं होतं. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी गेली, समोर चहा आला, आणि हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आल्यावर शहर ढवळून निघालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा कसा होता याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. तो कुणाच्या घरचा, एवढंच मोलाचं होतं.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं तेव्हा हेच घडलं. दलिताच्या हातचा चहा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. राजर्षी शाहू महाराज तिथं रथ थांबवून भर रस्त्यात चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. एखाद्या हॉटेलबद्दल मराठी माणसानं दिलेलं याहून वजनदार मत सापडणं कठीण आहे. त्यात चवीचं वर्णन नाही, शिफारसही नाही, नुसता चहा पिणं आहे.

हा इतिहास संपला असं समजण्याचं कारण नाही. “तिकडे स्वच्छता नसते” हे वाक्य कळंबोलीतही ऐकू येतं, देशात कुठंही येतं. काही वेळा ते खरोखर मोरीबद्दल असतं. काही वेळा हॉटेल कुणाचं आहे हे कळल्यानंतरच ते सुचलेलं असतं. कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेलांनी मालकांची नावं लावावीत, या उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडातल्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयानं २२ जुलै २०२४ रोजी स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते सांगा, माणसांची नावं सांगण्याची सक्ती नको, असा स्थगितीचा आशय. शाकाहार पाळणाऱ्याला ताटात काय आहे हे विचारण्याचा अधिकार आहेच. पण ताटावरून सुरू झालेली चौकशी आडनावावर पोहोचली की चव मागे पडते आणि जुना पंचहौद समोर येतो. अन्ननिंदेचं खरं पाप कुठं असेल तर ते इथं आहे, कारण इथं अन्न चाखण्याआधीच नाकारलेलं असतं.

बारची गोष्ट निराळी. तिथं मत बिअर थंड होती का याबद्दल कमी आणि ती जागा मुळात असावी का याबद्दल जास्त असतं. या वादाचं एक मोठं पर्व पनवेल तालुक्यातूनच निघालं. पनवेलचे शेकाप आमदार विवेक पाटील यांनी २००५मध्ये रायगडातल्या डान्सबारचा प्रश्न लक्षवेधी सूचनेतून विधानसभेत मांडला. त्यावर उत्तर देताना गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि काही महिन्यांत कायदा झाला. उच्च न्यायालयानं २००६मध्ये तो रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये तो निकाल कायम केला. त्यातला एक मुद्दा तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा असा आहे. तारांकित हॉटेलांना सूट होती. म्हणजे तेच नृत्य महागड्या छताखाली सभ्य आणि महामार्गावरच्या बारमध्ये असभ्य. मत नीतीचं आहे असं म्हणायचं आणि मोजमाप पैशाचं लावायचं, हे न्यायालयाला पटलं नाही.

तरी बारविरोधी मत म्हणजे निव्वळ ढोंग, असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. शेजारच्या खारघरमधले रहिवासी वर्षानुवर्षं दारूमुक्तीसाठी झगडत आहेत, आणि राज्यातल्या असंख्य गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. त्या कधी बारमध्ये बसल्या नाहीत. तिथली चव, सेवा, बिल यांचा त्यांना गंध नाही. पण त्या जागेचा हिशेब रात्री त्यांच्या घरात येऊन चुकता होतो. बसून पिणाऱ्याचं मत अनुभवातून आलेलं आणि यांचं ऐकीव, असं कुणी म्हटलं तर अनुभव या शब्दाची फारच कोती व्याख्या त्यानं केली आहे. दोन्ही मतं अनुभवाचीच आहेत. फक्त बिल वेगवेगळ्या माणसांनी भरलेलं आहे.

मग बोलावं कसं? पाली ग्रंथांत बुद्धांनी चांगल्या वाणीच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत. बोलणं योग्य वेळी, खरं, सौम्य, उपयोगाचं आणि मैत्रीच्या भावनेनं असावं. अप्रिय सत्य बोलूच नये, असं मनुस्मृती सुचवते. अभय राजकुमाराशी झालेल्या संवादात बुद्ध वेगळी वाट धरतात. खरं आणि हिताचं असेल तर अप्रियही बोलावं, मात्र वेळ पाहून. हॉटेलमालकाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. मनुस्मृतीच्या नियमानं त्याला आपली आमटी बिघडल्याचं कधीच कळणार नाही.

ही वेळ पाहणं सगळ्यात जास्त लागतं किराणा दुकानात. हॉटेल बदलता येतं, बार टाळता येतो, वाण्याशी मात्र रोजची गाठ. आणि इथं मत दोन्ही बाजूंनी चालतं, ही गोष्ट गिऱ्हाईक विसरतं. तूरडाळीत किडे निघाले हे गिऱ्हाईक चार घरी सांगतं. गिऱ्हाइकानं तीन महिन्यांची उधारी थकवली हे दुकानदाराच्या वहीत असतं, आणि शहाणा दुकानदार ती वही दुसऱ्यासमोर उघडत नाही. आता दहा मिनिटांत घरपोच सामान देणारी अ‍ॅप आल्यापासून हा समतोल ढळला आहे. गिऱ्हाईक रागावत नाही, भांडत नाही, फक्त यायचं थांबतं. वरवर पाहता हे अनिंदेचं व्रत अगदी चोख पाळणं झालं. प्रत्यक्षात दुकानदाराला डाळ बदलून देण्याची संधीही मिळत नाही आणि तांदूळ कुठं महाग पडला हे कळतही नाही. संध्याकाळी सात वाजता, गर्दीत, दहा माणसांसमोर “तुमची डाळ किडकी होती” असं ओरडणं ही निंदा. दुपारी तीनला दुकान रिकामं असताना पुडी काउंटरवर ठेवून तेच सांगणं ही तक्रार. आणि मुकाट्यानं दुसरीकडून मागवणं याला शास्त्रकारांनी नाव दिलेलं नाही, त्यांच्या काळी त्याची गरज पडली नसावी.