बाईचा रोज कोण ठरवतो?

लातूर-नांदेडच्या शिवारात एकाच रानात गडी आणि बाई दोघं राबतात. सांजच्याला बाईच्या हातावर पैसे कमी. का? तर म्हणे, बाईचं काम हलकं! मग दिवसभर उकिडवं बसून खुरपायला गडी का येत नाही?

जन्मावरून कामाची किंमत करायची, हा डाव आपल्या ओळखीचा आहे. जातीनं राबणाऱ्यांचीच उतरंड रचली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच उघडं केलं. तिच्या तळाशी आपली माय बसलीय, तिथं आपण गप्प.

1972 च्या दुष्काळात रोजगार हमी आली, 1977 साली तिचा कायदा झाला. तिथं माती मोजून दाम, बाई-गड्याला दर एकच. खड्डा कुणी खणला हे खड्ड्यावरून कळत नाही.

2011 साली पंचायतीत निम्म्या जागा बायांना राखीव झाल्या. आपली बाई सरपंच होते, पण रोजाचा आकडा पारावर गडीच ठरवतात. आणि आपण? जयंतीची वर्गणी तिच्याकडून घेतो, बैठकीत तिला चहा करायला लावतो. (पत्रकावर तिचं नाव सापडतं का बघा.)

सोयाबीन काढणीच्या आधी वस्तीत बैठक घ्या. आकडा बायांनी बोलावा. आणि जो मालक बाईला कमी देईल, त्याच्या रानात आपल्यातल्या एकाही गड्यानं विळा घेऊन जायचं नाही. याला कोण कोण तयार आहे?