मास्तरांची उलटतपासणी

"सर, मुख्याध्यापकाने मते मागत दारोदार हिंडायचे, हे काही बरे दिसत नाही," असे माझा एक जुना विद्यार्थी, ज्याच्या जपानमधील उरायासु येथील घरी मी दोन महिन्यांच्या मुक्कामाला आलो आहे, परवा जेवताना सहज बोलून गेला, आणि दाढेत अडकलेल्या सुपारीच्या कणाप्रमाणे ते वाक्य तेव्हापासून माझा पिच्छा पुरवीत आहे. निमित्त एका पत्राचे होते. माझ्याबरोबर बत्तीस वर्षे एकाच शाळेत खडू झिजवून निवृत्त झालेले एक स्नेही नगरपरिषदेची निवडणूक लढवू म्हणतात; नगराध्यक्षपदाची त्यांना हाव नाही, शिक्षण समितीवर एक खुर्ची मिळावी एवढीच आकांक्षा आहे. विद्यार्थ्याने वरील निवाडा दिला आणि त्याला पुस्ती जोडली : "इथे शिक्षण मंडळावर नेमणुका होतात, निवडणुका नाहीत, म्हणून तर शाळा अशा शांतपणे चालतात!"

त्यातला पूर्वार्ध, खरे सांगायचे तर, मलाही मान्य होता. चीड आली ती उत्तरार्धाची. शाळांचा कारभार राजकारणाच्या तावडीत सापडला की बदल्यांचे, इमारतींच्या ठेक्यांचे आणि पोषण आहाराच्या तांदळाचे काय होते, हे मराठी वाचकास मी सांगावयास नको. परंतु मास्तरांनी निवडणुकीपासून दूर राहावे असे मला वाटे, ते या भीतीने नव्हे. साक्षीदार वेगळा आणि पंच वेगळा, हा भेद मी आयुष्यभर उराशी बाळगला आहे. शिक्षक हा शाळेचा साक्षीदार आहे. कोणत्या वर्गाचे छप्पर गळते, कोणते मूल उपाशी येते, कोणते फर्मान कागदावरच राहते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण ज्याने पाहिले त्यानेच न्यायासनावर बसावे, असे कोणतेही न्यायशास्त्र म्हणत नाही. वेतन, बदली, निवृत्तिवेतन यांच्या धाग्यांनी तो खटल्यात गुंतलेला असतो, आणि गुंतलेल्याने निवाडा करू नये.

आता विद्यार्थ्याच्या उत्तरार्धाकडे वळू. त्याला हे ठाऊक नव्हते की ज्या देशात तो बारा वर्षे राहतो, त्या देशाने शिक्षण मंडळांची निवडणूक एके काळी घेऊन पाहिली आहे. युद्धानंतर, अमेरिकन अंमलाखाली, 1948 साली मंडळांचा कायदा झाला आणि सभासद थेट लोकांच्या मतांनी निवडले जाऊ लागले. शिक्षकांच्या संघटनेच्या पाठबळावर अनेक शिक्षक निवडून आले, सरकारास ते रुचले नाही, आणि 1956 साली वरिष्ठ सभागृहात पोलीस बोलावून नवा कायदा संमत करून घेण्यात आला. तेव्हापासून महापौराने नेमावे व नगरसभेने संमती द्यावी, अशी रीत आहे. म्हणजे ज्या शांततेचे माझा विद्यार्थी कौतुक करतो, तिची पायाभरणी पोलिसांच्या पहाऱ्यात झाली! टोकियोतील नाकानो विभागाने 1981 पासून पुन्हा लोकमताचा प्रयोग केला. नेमणुकीपूर्वी रहिवाशांनी टपालाने मत द्यावे आणि विभागप्रमुखाने ते विचारात घ्यावे, असा मध्यममार्ग काढला. चार वेळा मतदान झाले, दर वेळी मत देणारे घटत गेले, आणि 1994 साली तो नियम रद्द झाला. हे विद्यार्थ्याच्या बाजूचे आहे, आणि ते मी त्यास मोकळ्या मनाने देऊन टाकतो.

येथे थोडे विषयांतर होईल, पण सायंकाळी ज्या बांधावर मी फिरावयास जातो तो बांधच मला तिकडे ओढतो. हे गाव पूर्वी कोळ्यांचे होते; उथळ समुद्रात तिसऱ्या वेचणे आणि खाद्य शेवाळाची शेती करणे हा त्यांचा चरितार्थ. 1958 साली नदीच्या वरच्या अंगाच्या कागद गिरणीतून काळे पाणी येऊ लागले. पाणी बिघडले हे कोळ्यांनी सांगितले, आणि ऐकून घेतले जाईना तेव्हा त्यांनी गिरणीवर चाल केली. पोलिसांशी झटापट झाली, शंभरांहून अधिक जखमी झाले, आणि त्याच वर्षाअखेर जलशुद्धतेचे पहिले कायदे झाले. कोळ्यांचा समुद्र मात्र वाचला नाही. 1971 साली त्यांनी मासेमारीचे उरलेसुरले हक्कही सोडले, भराव पडत गेला, आणि आज शहराचा बहुतांश भाग, 1983 साली उघडलेल्या डिस्नेलँडसह, त्या भरावावर उभा आहे. साक्षीदाराला केवळ साक्षीदारच ठेवले की त्याची साक्ष फार तर कायद्याच्या प्रस्तावनेत उतरते, ही गोष्ट बांधावरून परतताना माझ्या मनात आली, आणि माझा आवडता भेद प्रथमच किंचित डळमळला.

आणि मग आमची स्वतःची माणसे आठवली. जोतीराव फुले 1848 पासून शाळा चालवीत होते आणि पुढे पुणे नगरपालिकेत बसले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला, तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा म्हणून. गोखल्यांनी फर्ग्युसनात सुमारे अठरा वर्षे शिकवले, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले, आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. हे दोघे पंच झाले म्हणून त्यांची साक्ष भ्रष्ट झाली, असे कोण म्हणेल? भ्रष्ट झाली नाही. उलट, तिला प्रश्न विचारणारे भेटले.

माझ्या भेदात उणीव होती ती इथे. साक्षीदाराची उलटतपासणी व्हावयास हवी, हे मी विसरलो होतो. वर्गात मास्तरांची उलटतपासणी कधीच होत नाही. बत्तीस वर्षे आम्ही अशा श्रोत्यांपुढे बोललो, ज्यांना घंटा होईपर्यंत उठून जाण्याची मुभा नव्हती. 'तुमच्या शाळेत माझ्या मुलीला दोन वर्षे वाचताच येईना, ते का?' असे एखादी आई विचारील, ते आमच्या खोलीत नव्हे, तिच्या ओट्यावर; आणि तिथे आम्हांला उभे राहून उत्तर द्यावे लागेल. मते मागत दारोदार हिंडणे म्हणजे हेच. ते बरे दिसत नसेल, पण साक्ष ग्राह्य ठरावयाची तर दुसरा रस्ता नाही.

माझा विद्यार्थी यावर योगेंद्र पुराणिकांचे उदाहरण पुढे करील, हे मी ओळखून होतो. मूळचे अंबरनाथचे हे गृहस्थ, रेल्वेने इथून दोन स्थानके पलीकडे, एदोगावा विभागाच्या सभेवर 2019 साली निवडून आले, आणि 2023 साली इबाराकी प्रांतातल्या एका शासकीय शाळेचे प्राचार्य झाले. "पाहा, ते राजकारणातून शाळेत गेले, शाळेतून राजकारणात नव्हे!" हो, पण म्हणूनच ते माझ्या बाजूचे आहेत, कारण त्यांची उलटतपासणी आधी झाली.

उलटतपासणीचे न्यायालय मात्र योग्य हवे. आपल्याकडे विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तिथे मतदार सारे माध्यमिक वा त्याहून वरच्या वर्गांचे शिक्षक, उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे असे नाही, आणि ज्यांनी मुळाक्षरे गिरवून घेतली त्या प्राथमिक शिक्षकांना मतच नाही. साक्षीदाराची तपासणी साक्षीदारांनीच करावयाची, हा प्रकार मला मंजूर नाही. आमच्या स्नेह्यांस शिक्षक संघटनेचे लोक नेमके तिकडे ओढीत आहेत.

काल रात्री मी त्यांना उत्तर लिहिले. लिहिले की अर्ज भरा, पण प्रभागातून भरा, आणि ज्या घरातले मूल आपल्या शाळेत नापास झाले त्या घरापासून प्रचाराला आरंभ करा. अनामत रकमेचा निम्मा वाटा माझा.