पात्राच्या तोंडची शिवी

ख्रिस्ती कादंबरीत शिवी असावी का, हा वाद अमेरिकेत जुना आहे. तिथल्या अनेक इव्हँजेलिकल प्रकाशनसंस्था शिवी छापतच नाहीत. खून चालतो, अपहरण चालतं. खुनी मात्र सभ्य बोलतो. आधार दिला जातो तो संत पौलाने इफिसकरांना केलेल्या ताकिदीचा, की मुखातून अमंगळ बोल निघू नयेत. ताकीद मला मान्य आहे. पण ती माणसाने स्वतः कसं बोलावं याबद्दल आहे. पापी माणसाचं चित्रण कसं करावं, याचं उत्तर शुभवर्तमानात शोधावं लागतं.

मार्कच्या 14व्या अध्यायात येशूला धरून नेलं आहे. अंगणातली माणसं पेत्राला म्हणतात, तू त्यांच्यातलाच. तेव्हा पेत्र शापवाणी उच्चारत, शपथा वाहत सांगतो की मी त्याला ओळखत नाही. इतक्या थोर शिष्याची ही लाज मार्क झाकत नाही. शापाचे शब्द मात्र तो देत नाही, आणि आपल्याला त्यांची उणीवही भासत नाही. पेत्र घसरला, हे कळायला तेवढं पुरतं.

प्रत्येक कथेत ते पुरत नाही. जॉर्जियातल्या निष्ठावान कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांच्या 1955 साली आलेल्या एका कथेच्या शीर्षकातच कृष्णवर्णीयांसाठीची शिवी आहे. ती छापणाऱ्या 'केन्यन रिव्ह्यू' या नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक जॉन क्रो रॅन्सम यांनी ते शीर्षक बदलायला सुचवलं. ओकॉनर यांनी नकार दिला. त्या कथेत एक गोरा आजोबा नातवाला अटलांटा शहर दाखवायला नेतो. आपल्या वर्णाचा आणि शहाणपणाचा त्याला ताठा आहे, आणि तो ताठा त्या शिवीतूनच बोलतो. पुढे पोरगा अडचणीत सापडताच हाच आजोबा चारचौघांत म्हणतो, हा माझा कोणी नाही. पेत्रासारखाच. नंतर त्याला देवाच्या दयेची जाणीव होते. शिवी गाळली असती तर तो नुसता भित्रा म्हातारा उरला असता, आणि दयाही स्वस्त झाली असती.

तरीही तो शब्द ज्यांच्यावर फेकला गेला त्यांना आजही तो लागतो. म्हणून लेखकाने त्यांच्यापैकी कोणी समोर बसून वाचतो आहे असं समजून लिहावं. नुसत्या झणझणीतपणासाठी घातलेली शिवी तिथे टिकणार नाही. आणि प्रकाशकांनी वर्ज्य शब्दांची यादी मागे घ्यावी, हस्तलिखित पूर्ण वाचून मगच ठरवावं.