मित्राची गाडी आणि तुझी थाप

बसू नकोस, उभाच राहा. वेरूळला जायचं म्हणून मित्राची गाडी मागून नेलीस, दौलताबादच्या दिल्ली दरवाजात घाई केलीस, भिंतीला घासून दार चेपवलंस. ते एक वेळ समजू शकतो. पण आता त्यालाच म्हणतोस, 'क्लेममध्ये लिही, गाडी मीच चालवत होतो'? हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही.

अरे, या थापेची गरज तरी होती का? आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीला असतो. मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्सवर आणि शुद्धीत कुणीही चालवली तरी दावा करता येतो. पॉलिसीत ओन डॅमेज, म्हणजे गाडीच्याच नुकसानीचं संरक्षण, मात्र हवं. नुसती थर्ड पार्टी असेल तर दारापायी छदाम मिळणार नाही. किल्ली घेताना पॉलिसी पाहिलीस? खाली काय बघतोस, उत्तर दे. लायसन्स तुझं चालू आहे, म्हणजे खरं सांगितलं तर दावा सरळ आहे. खोटं लिहिलंत की तोच सरळ दावा नाकारायला कंपनीला तुम्हीच कारण देणार. कंपनीचा सर्व्हेअर काय डोळे मिटून येतो?

आणि विमा मिळाला म्हणजे मित्राचं काही गेलं नाही, असं समजू नकोस. पहिले 1000 रुपये, इंजिन 1500 सीसीच्या वर असेल तर 2000, वजावट म्हणून त्याच्याच खिशातून जातात. वर्षानुवर्षं क्लेम न करता 50 टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. त्याने तुझ्याकडून भाडं घेतलं नाही हे नशीब. खासगी गाडी भाड्याने दिली की कंपनी हात वर करते.

तुझंच बरंवाईट झालं असतं तर? मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा मालकापुरता असतो. 2009 च्या निंगम्मा खटल्यात मागून नेलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून माणूस गेला होता. गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी येतो, म्हणून मोटार वाहन कायद्याच्या तेव्हाच्या 163-अ कलमाखाली त्याच्या घरच्यांना भरपाई नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आईला सांगून निघाला होतास का हे?

आता थेट त्याच्या घरी जा. दुरुस्ती बोनसपेक्षा स्वस्त पडत असेल तर क्लेम नको, गॅरेजचं बिल तू भर. क्लेम करायचाच असेल तर चालक म्हणून तुझं नाव, तुझ्या लायसन्सची प्रत, आणि वजावट व बुडालेला बोनस तुझ्या पगारातून. तो खोटा फॉर्म अजून दिला नसेल तर आधी फाडून टाक.